टेक आफ्टर

काल जळगावात भाचीच्या पुस्तकांना कव्हरं घालताना खाकी कागदाचा वास आला आणि मी चोपड्याच्या शाळेत, नववीच्या वर्गात जाऊन बसले.

इंग्रजीतल्या ‘टेक’चे बारा अर्थ मी पाठ केले होते. सरांनी विचारलं, “टेक आफ्टर म्हणजे?”

मी ताडकन उठले. “नंतर घेणे!”

वर्ग खो-खो हसला. नाशिकहून नुकतीच आलेली वैशाली म्हणाली, “आईवर किंवा वडिलांवर जाणे, सर.”

“शाब्बास!” सर म्हणाले. तोवर ती शाब्बासकी रोज मलाच मिळायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मधल्या सुट्टीत तीच आपली डिक्शनरी घेऊन आली. “घरी ने. सोमवारी दे.”

तिला कळूच नये म्हणून मी मुद्दाम गावच्या बोलीत फटकारलं, “मनाकडे शे!” खरं तर माझ्याकडे नव्हती.

“शे म्हणजे काय गं?” तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

“आहे,” मी गुरकावले. तिनं ते लगेच लिहून घेतलं.

हिनं आमचा शब्दही पळवला, म्हणून मी आणखीच जळले. आता वाटतं, तिच्या इंग्रजीपेक्षा त्या बिनधास्त विचारण्याचाच मला हेवा वाटला असावा. येत नाही ते चारचौघांत विचारताना माझी जीभ अजूनही अडते.