माझे सहा शॉक

शॉक घेतलेत असं कळलं, की ज्याला त्याला आपल्याला काहीतरी सांगायचं असतं. असे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगाला चिकटतात. चेन्नईत तीस वर्षं बातमीदारी करून पाहिलं नव्हतं एवढं अज्ञान मी त्या तीन आठवड्यांत पाहिलं. त्यातलं बरंचसं माझंच!

*

दोन महिने मी धड जेवत नव्हतो, बोलत नव्हतो. बायकोला, विद्याला, एकदाच म्हणालो होतो, "मी नसलेलंच बरं." तिने मला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, मेंदूला विजेचे शॉक देऊ.

हा छळ आहे, यावर बंदी आहे, असं मी कसंबसं पुटपुटलो.

"सर, सोर्स?" बाईंनी विचारलं.

याच एका प्रश्नाने मी आयुष्यभर ज्युनिअर्सना रडवलंय. माझा सोर्स होता दोन सिनेमे. त्यातला एक अर्धाच पाहिलेला. मुकाट्याने सही केली.

*

सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. वेस्ट मांबलमला आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. पहिला शॉक घेऊन घरी आलो, तर त्या रबरी चपला घालून दारात उभ्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला हात लावला नाही. रोज स्टीलच्या टंबलरमधून मिळणारी कॉफी त्या दिवशी काचेच्या ग्लासातून आली.

*

दुसऱ्या वेळी सवयीने वही नेली. शेवटची नोंद अशी: "सुई डाव्या हाताला. भूलतज्ज्ञ म्हणतात, आकडे मोजा. ओण्णु, रेंडु..." पुढे पेनाची रेघ पानाखाली गेलीय.

डोळे उघडल्यावर विचारलं, कधी सुरू करणार? नर्स म्हणाली, होऊन अर्धा तास झाला, इडली खा.

आयुष्यातली एक्स्क्लुझिव्ह बातमी मी झोपून घालवली.

*

स्मरणशक्ती जाते म्हणतात. थोडी गेलीच, आधीचे काही महिने धूसर आहेत. आमचे न्यूज एडिटर राघवन भेटायला आले आणि दारातच घुटमळले. मी हात धरून आत आणलं, जेवायचा आग्रह केला. ते गेल्यावर विद्याने सांगितलं: रजेवर जाण्याआधी मी त्यांना सगळ्या डेस्कसमोर 'तुमचं तोंड पाहणार नाही' असं सुनावलं होतं.

राघवन त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

*

सहाव्या शॉकनंतर चार दिवसांनी पेपर उघडला. पहिल्याच पानावर वकिलाचं म्हणणं न्यायाधीशांच्या तोंडी घातलेलं! ऑफिसात सगळ्या डेस्कच्या अकराच्या मीटिंगची वेळ होती, तरी राघवनना फोन लावला. कोर्टात कुणाला पाठवता, कॉपी वाचतं कोण, उद्या दुरुस्ती छापणार की नाही, अशी सरबत्ती सुरू केली. विद्या गॅस बंद करून बाहेर आली. एरवी 'हळू बोला' म्हणते, त्या दिवशी नुसती दाराला टेकून उभी राहिली.

दम लागला म्हणून मी थांबलो.

"चूक आमचीच आहे, सर," राघवन म्हणाले. "पण थांबू नका. फोन स्पीकरवर टाकलाय."