ताई थेट अठ्ठावन्नवर

मास्टरांच्या दुकानात शिरलेल्या माणसाची पँट आखूड व्हायची ती व्हायचीच, पण त्याआधी मास्टरांनी सोळाव्या वर्षापासून काजं कशी केली, ते त्याला ऐकावं लागायचं. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, मास्टर खाली उकिडवे, तोंडात टाचण्या, हातात खडू, आणि टाचण्यांच्या फटीतून गोष्ट चालू.

"तीन वर्षं, साहेब! तीन वर्षं उस्तादांनी कात्रीला हात लावू दिला नाही. पहिलं वर्ष बटणं. दुसरं वर्ष काजं. तिसऱ्या वर्षी म्हटलं आता तरी कापड हातात येईल, तर उस्ताद म्हणतात, तुझी काजं अजून तिरकी येतात. परत काजं! एक छदाम नाही मिळाला. पण हात बघा आज."

हात खरोखरच चांगला होता. गिऱ्हाईक मान डोलवायचं. पळून जायची सोय नसायची, कारण तोवर पँटचे दोन्ही पाय टाचण्यांनी जखडलेले असायचे.

दुःख एवढंच, की आता त्या हाताला काम नव्हतं. लोक कपडे तयारच घेतात आणि मास्टरांकडे फक्त त्यांची उंची दुरुस्त करायला येतात. दिवसाकाठी दोन चेन बदलायच्या, एक कंबर सैल करायची, की संपलं. दुकानात दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, पडद्याआडची जागा आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. तो मास्टरांनी गिऱ्हाइकांची मापं साठवायला घेतला होता. मापं देणारी माणसं संपली आणि कॉम्प्युटर उरला. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मास्टर तलवार घेऊन त्याच्यात शिरले.

खेळ साधा होता, म्हणजे प्रचंड होता. जगभरची माणसं एका काल्पनिक मुलखात हिंडतात. तुम्ही पहिल्या लेव्हलला एका खेड्यात फाटक्या सदऱ्यात जन्मता आणि लोकांची कामं करत साठाव्या लेव्हलपर्यंत चढता. कामं म्हणजे काय, तर याची चिठ्ठी त्याला पोचव, दहा अळंबी आण, शंभर रानडुकरं मार. शंभर मारून झाली की तो माणूस थंडपणे सांगतो, आता आणखी शंभर. कुणाही शहाण्या माणसाने इथे कॉम्प्युटर बंद केला असता. मास्टरांचे डोळे मात्र भरून आले. त्यांना उस्ताद परत भेटले होते.

चौदा महिन्यांत, दोन चेनींच्या मधल्या वेळात, मास्टर साठाव्या लेव्हलला पोचले. आठजणांच्या एका कंपूत त्यांना मानाची जागा मिळाली. कंपूचा म्होरक्या होता वादळवीर. राक्षसांवर तुटून पडणारा हा वादळवीर एरवी एका बँकेत कॅशियर होता आणि बोलताना "माफ करा" म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नसे. हा कंपू गेले सात रविवार दुपारी एका गोठलेल्या तळ्यावर राहणाऱ्या दगडी राक्षसाला मारायला जात होता आणि मार खाऊन परत येत होता.

अशात खेळाच्या कंपनीने जाहिरात केली: पैसे भरा आणि पहिल्या लेव्हलवरून थेट अठ्ठावन्नवर उडी घ्या.

मास्टरांनी ती जाहिरात वाचली आणि हातातली इस्त्री एका कॉलरवर तशीच राहिली. ती कॉलर नंतर बदलून द्यावी लागली. कंपूच्या गप्पांच्या चौकटीत त्यांनी एवढा लांब निषेध लिहिला, की तो पाच तुकड्यांत पाठवावा लागला. "ज्याने काज केलं नाही त्याने कात्री धरू नये," असा त्याचा शेवट होता. कंपूत कुणालाच त्यातलं काज कळलं नाही, पण आवेश पोचला. आणि त्या आवेशात मास्टरांनी एक परीक्षा काढली. कंपूत येऊ पाहणाऱ्याला ते तीन प्रश्न विचारणार. पहिल्या खेड्यातल्या विहिरीत काय पडलंय? दलदलीच्या पुलावरचा म्हातारा काय मागतो? दोनशेवं रानडुक्कर मारल्यावर काय मिळतं? (उत्तरं: बादली, दिव्याची वात, आणि काहीही नाही.) पायी आलेल्यालाच ही उत्तरं येणार. उडी मारून आलेला दारातच उघडा पडणार.

नेमका त्याच महिन्यात कंपूचा वैद्य गेला. गेला म्हणजे, त्याला जुळी झाली. खेळात वैद्याचं काम जखमींना बरं करण्याचं. त्याच्याशिवाय राक्षसासमोर जाणं म्हणजे निव्वळ सामुदायिक मरण. बाराजणांनी अर्ज केले. मास्टरांनी बाराही नापास केले. वादळवीर म्हणाला, "माफ करा मास्टर, पण रविवारपर्यंत वैद्य मिळाला नाही, तर लोक दुसरीकडे जायचं म्हणताहेत."

"मिळेल," मास्टर म्हणाले. "पायी येईल."

गुरुवारी ताईचा फोन आला.

ताई मास्टरांहून पाच वर्षांनी मोठी. आता दुसऱ्या गावी, मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात. नर्स होऊन तेहतीस वर्षं झालेली. मास्टरांच्या माहेरचं, म्हणजे पुरुषाला माहेर असतं असं धरलं तर, एवढंच माणूस उरलेलं होतं. दोघांचा दर गुरुवारचा फोन कित्येक वर्षं चौकशीच्या खिडकीवर चालावा तसा चालायचा. बरा आहेस? बरा आहे. गुडघे? आहेत. ठेवते. पण मास्टर खेळू लागले आणि फोन लांबला. ते राक्षसाचं वर्णन करायचे आणि ताई विचारायची, "मग तुमच्यातलं कोण आधी पडलं?" तीन मिनिटांचा फोन अर्ध्या तासावर गेला होता, आणि मास्टर बुधवारपासूनच गुरुवारच्या बातम्या जमवायला लागायचे.

"बाळ्या," ताई म्हणाली, "तुझा तो खेळ मी घेतलाय. वैद्य झालेय. तुमचा गेला म्हणत होतास ना?"

मास्टर खुर्चीवरून उठलेच. "वा! कुठवर पोचलीस? विहिरीपाशी?"

"अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न काय?"

"लेव्हल रे. त्यांनी कार्डाचा नंबर मागितला, दिला. छान पांढरा झगा मिळालाय. तेहतीस वर्षं नोकरी केली, इतका स्वच्छ झगा मला कुणी दिला नव्हता."

मास्टर परत खाली बसले. "ताई, विहिरीत काय पडलंय?"

"कुठल्या?"

"पहिल्या खेड्यातल्या."

"पडलं असेल काहीतरी. झाकण लावायला नको लोकांनी?"

"हे बघ," मास्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू आहेस म्हणून नियम मोडला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू पहिल्यापासून सुरू कर. वर्षा-दीड वर्षात येशील. मी थांबतो."

"बाळ्या, मला आठवड्यातली एक रविवार दुपार मिळते. तीही बदलीवाली वेळेवर आली तर. तुझी डुकरं मारून होईपर्यंत माझी नोकरी संपेल."

"पण कष्टाशिवाय..."

"बरं," ताई म्हणाली. "गुडघे बरे आहेत माझे. ठेवते."

पुढच्या गुरुवारी फोन आला, तो दोन मिनिटांचा. राक्षसाचं तिने विचारलं नाही. मास्टरांनी स्वतःहून काढलं, तर म्हणाली, "हो का. चांगलंय." मास्टरांनी फोन खाली ठेवला आणि हातातली चेन उलटी शिवली. रविवार तसाच गेला होता. वादळवीराने सगळ्यांची माफी मागून आणखी एक आठवडा मिळवला होता.

मास्टरांची बायको शाळेत कारकून. संध्याकाळी घरी जाताना दुकानात डोकावायची आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून गल्ल्याचा अंदाज घ्यायची. आज तिने चेहरा बघितला आणि पिशवी खाली ठेवली.

"काय झालं? राक्षस मेला की काय तुमचा?"

मास्टरांनी सगळं सांगितलं. पूर्ण तत्त्वासकट सांगितलं. काजं आली, उस्ताद आले.

"अहो," ती म्हणाली, "ही काजांची गोष्ट मी लग्नापासून ऐकतेय. तीन वर्षं पगार नव्हता, बरोबर?"

"एक छदाम नाही."

"आणि वडील अंथरुणावर."

"हो."

"मग घरात खाल्लं काय तीन वर्षं? त्या गोष्टीत कधी ते ऐकलं नाही मी. तुम्ही उस्तादांकडून घरी यायचात, पानावर बसायचात, आणि ताट आपोआप भरायचं?"

मास्टरांनी टेबलावरच्या टाचण्या उचलून उगाच तोंडात धरल्या.

ताईला तेव्हा नुकती नोकरी लागली होती. ती इतरांच्याही पाळ्या मागून घ्यायची. सकाळी पिशवी घेऊन दारात यायची, तेव्हा मास्टर उस्तादांकडे जायला निघालेले असायचे. उंबऱ्यावर दोघं एकमेकांना वाट द्यायची. तेवढीच भेट. मास्टरांनी कष्ट केले होते यात वाद नाही; पण कष्ट करत बसायला लागतो तो वेळ कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि तो तीन वर्षं रोज सकाळी त्यांच्या शेजारून घरात शिरत होता. ताईकडे स्वतःसाठी तसा वेळ कधीच उरला नाही. आता एका रविवारची दुपार उरली, तर ती घेऊन ती भावाच्या दारात आली होती, आणि भाऊ विचारत होता, विहिरीत काय पडलंय.

मास्टरांनी लगेच फोन लावला.

"रविवारी येशील का तळ्यावर?"

"परीक्षा?"

"वैद्य मिळत नाहीये," मास्टर म्हणाले. माफी मागायचं काम वादळवीराला जसं जमायचं तसं त्यांना जमत नसे.

"येते," ताई म्हणाली. "पण मला त्यातली सगळी बटणं कळत नाहीत हं. चाळीसेक आहेत. चार कळली."

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मास्टर कानाला हेडफोन लावून बसले. पांढरा झगा घातलेली ताई बर्फावर उभी होती, राक्षसाकडे पाठ करून. "अगं, तोंड इकडे!" "कळलं, कळलं, फिरते कशी ते सापडत नाहीये." वादळवीर हळूच म्हणाला, "माफ करा, या मास्टरांच्या..." "बहीण," मास्टर म्हणाले, आणि त्या शब्दाबरोबर बारा नापासांचा इतिहास गिळून टाकला.

राक्षस उठला. पहिल्याच तडाख्यात मास्टर दहा हात लांब जाऊन पडले.

"ताई! मी! इकडे! ताई, मी मरतोय!"

ताई आली नाही. ती शांतपणे चालत कडेला गेली आणि तिथे मुकाट पडलेल्या एका धनुर्धाऱ्याला उठवू लागली.

"ताई, अगं मी!"

"ऐकू येतंय. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघायचं. थांब तू, आणि हलू नकोस."

मग ती जे चालू झाली! "तुम्ही माफी मागणारे, मागे सरा. तुम्ही उगाच पुढे जाऊ नका, तुमचा नंबर नंतर. बाळ्या, ऊठ आता, काही झालेलं नाही तुला." चारच बटणं, पण ती कुणासाठी दाबायची हे तिला चाळीस बटणंवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं. आठ रविवारांत पहिल्यांदाच राक्षस गुडघ्यावर आला. त्याची ताकद दहावा हिस्सा उरली. वादळवीर माफी मागायची विसरून ओरडला, "आता! आता!"

आणि तळ्यावरचं बर्फ फुटलं.

सगळे पाण्यात पडले आणि किनाऱ्याकडे पोहू लागले. खेळात पोहायला नवव्या लेव्हलला शिकतात; नदीकाठी एक नावाडीण शिकवते. पायी आलेल्या माणसाला पोहणं कधी आलं, हेही आठवत नाही. आणि उडीबरोबर कंपनीने झगा दिला, काठी दिली, मंत्र दिले. पोहणं दिलं नव्हतं.

"बाळ्या," ताईचा आवाज आला, "मी खाली जातेय का?"

ती सरळ खाली गेली, झग्यासकट, अगदी व्यवस्थित. वैद्याविना बाकीचे अर्ध्या मिनिटात संपले.

मग ताई म्हणाली, "माझ्यामुळे गेलं ना? माझं जाऊ दे. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. खरंच."

मास्टर पडद्यावरच्या स्वतःच्या प्रेताकडे बघत होते. बाराजणांना त्यांनी बादली विचारली होती, वात विचारली होती. पोहता येतं का, हे एकालाही विचारलं नव्हतं. रस्त्यात उपयोगाचं जे एक काम शिकायला मिळतं, तेच त्यांच्या परीक्षेत नव्हतं. होतं ते सगळं मिरवायचं होतं.

"चूक माझी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, त्यामुळे उच्चार जरा अडखळला. "मी सांगायला हवं होतं. तू कुठे जाऊ नकोस."

पुढच्या रविवारी नवव्या लेव्हलच्या नदीवर फाटक्या सदऱ्यांतली नवखी मंडळी गुडघाभर पाण्यात धडपडत होती. त्यांच्यात पांढऱ्या झग्यातली अठ्ठावन्न लेव्हलची वैद्य नावाडिणीच्या हुकमाने तळाचे शिंपले गोळा करत होती. वीस आणायचे होते. मास्टर सगळ्या चिलखतासह काठावर बसले होते.

"किती झाले?"

"सहा. सातवा हातातून निसटला. बाळ्या, एवढी सुंदर नदी आहे ही, आणि तू मला नुसती डुकरं सांगितलीस!"

मास्टरांनी नदीकडे बघितलं. या काठावर ते सव्वा वर्षापूर्वी तासभर होते. त्यांना फक्त शिंपल्यांचा आकडा आठवत होता.

तेवढ्यात वादळवीराचा निरोप आला. "माफ करा मास्टर, आम्ही तळ्यावर जमलोय. तुम्ही याल ना? एक वैद्य मिळालाय. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतोय."

मास्टरांनी निरोप दोनदा वाचला. ताई पाण्यातून वर आली आणि श्वास घेऊन पुन्हा खाली गेली.

"आज तुम्ही जा," त्यांनी लिहिलं. "आमची ताई पोहायला शिकतेय."

"बाळ्या, आठ!"

"बघितलं," मास्टर म्हणाले आणि चिलखत उतरवायला कुठलं बटण असतं, ते शोधू लागले.