लुद्विकाबाईंचा बाप भिंतीवर

संग्रहालयाच्या कमिटीवर माणूस घेताना त्याला जुन्या वस्तूंतलं काही कळतं का, हे विचारायची पद्धत कुठेच नाही. शॉमबर्ग उपनगरातल्या आपल्या मराठी मंडळात नाही आणि शिकागोच्या पोलिश लोकांतही नाही. देणगी आणील का, चारचौघांत सूट घालून उभा राहील का, एवढंच बघतात. मिलवॉकी अ‍ॅव्हेन्यूजवळच्या त्या छोट्या पोलिश संग्रहालयात मी २००३ पासून दर मंगळवारी फुकट काम केलं. तेवढ्या काळात कमिटीचा एकही सभासद तळघरात उतरलेला मला दिसला नाही. कॉफी वरच्या मजल्यावर मिळायची ना!

तळघरात लुद्विकाबाई असायच्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, उंची बेताची, आवाज मात्र कवायत घेणाऱ्याचा. लग्न केलं नाही. टेलिफोन कंपनीत नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी इथे येऊन बसल्या. पगार नाही, पदही नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात सुती हातमोजे कोंबले आणि विचारलं, "तुमच्याकडे मेलेल्यांची नावं लक्षात ठेवतात का?"

"श्राद्धाला तीन पिढ्यांची लागतात," मी म्हटलं.

"बरं आहे. बसा."

ही आमची मुलाखत. माझी सून प्रीता ऑफिसला जाताना मला दारात सोडायची आणि दर वेळी म्हणायची, "आई, पोलिश लोकांचं काय पडलंय तुम्हाला? मंडळात या ना." मंडळात मी गेले होते. 'आपला वारसा' म्हणून एका टेबलावर प्लास्टिकची तुळस, बाजूला शिवाजी महाराजांचं कटआउट, आणि पुढे वडापावची रांग. त्यापेक्षा तळघर बरं.

काम असं की चर्चमधून, दुकानांतून, मेलेल्या म्हाताऱ्यांच्या घरांतून खोक्यांनी फोटो यायचे. ते ब्रशनं झाडायचे, पाठीवर मऊ पेन्सिलीनं नावं लिहायची, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळायचे. नाव माहीत नसेल तर चर्चच्या म्हाताऱ्यांना बोलवायचं. तिघींनी माना हलवल्याशिवाय 'अज्ञात' लिहायला लुद्विकाबाईंची बंदी होती. एकदा मी दोघींवर भागवलं, तर म्हणाल्या, "घाई असेल तर घरी जा. हा माणूस सत्तर वर्षं थांबलाय."

त्या खोक्यांत एक जात मला पहिल्यांदा बघवेना. मयताचे फोटो. चर्चच्या पायऱ्यांसमोर उघडी शवपेटी जरा तिरकी धरलेली, म्हणजे चेहरा नीट दिसावा, आणि मागे सगळं कुटुंब ठेवणीतल्या कपड्यांत. मी "शी!" म्हटलं. त्यावर लुद्विकाबाई म्हणाल्या, "शी काय? गावाकडे आई बसलेली असायची. तिला पोरगा मेल्याचं कळवायचं, तर त्याला चांगलं पुरलं, माणसं जमली, हे दाखवायला नको?" एवढं साधं कारण असतं, आणि आपण नाक मुरडून मोकळे होतो.

त्यांचा स्वतःचा असा एक फोटो होता. १९३६ सालचा. वडील यूलियान, कत्तलखान्यात मांस वाहायचे, न्यूमोनियानं गेले. जिवंतपणी फोटो काढायची ऐपत कधी झाली नाही, म्हणून बापाचा चेहरा आहे तो हा एवढाच, पेटीतला. दोन प्रती काढल्या. एक पोलंडला आजीकडे गेली आणि युद्धात घराबरोबर जळाली. दुसरी आईनं जपली, आणि लुद्विकाबाईंनी ती स्वतःच्या घरी न ठेवता संग्रहालयाला दिली. "घरी ठेवली तर माझ्यानंतर भाचा कचऱ्यात टाकील," असं त्यांचं गणित. फोटोत सात वर्षांची लुद्विका पुढे उभी आहे, एक हात पेटीच्या काठावर.

आता कमिटी. अध्यक्ष डॉक्टर झिलिन्स्की, दातांचे. तिसरी पिढी, पोलिशमध्ये दोनच शब्द येणार, दोन्ही सॉसेजचे. २००६ मध्ये त्यांना प्रवेशाच्या दालनाचं नूतनीकरण सुचलं. डिझायनर आणला. त्या गृहस्थानं तळघरातून फोटोंच्या कॉपी मागवल्या, आणि महिन्याभरानं भिंतीवर छतापर्यंत एक फोटो चढला. वर ठळक अक्षरांत: 'या, आमच्या कुटुंबात सामील व्हा!'

मंगळवारी आम्ही दोघी तो बघत उभ्या राहिलो. पंधरा-वीस माणसं, सगळी काळ्या कपड्यांत, एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही, आणि सगळ्यांच्या नजरा खाली. खाली काय? काही नाही. पेटी कापून टाकलेली. पुढच्या लहान मुलीचा हात मनगटाशी संपलेला. ज्यानं हे केलं त्याला 'ही माणसं एवढी कशाला रडवेली झालीत' असा प्रश्न पडला नाही! शिकलेला माणूस, त्याला फी देतात.

लुद्विकाबाई तशाच कमिटीच्या सभेत गेल्या. मीही मागोमाग.

"ग्झेशू," त्यांनी अध्यक्षांना हाक मारली. लहानपणी त्यांनीच त्याला धर्माचे धडे शिकवलेले, त्यामुळे त्यांच्या लेखी तो ग्झेशूच. "माझ्या बापाला कुठे टाकलास?"

"मिस लुद्विका, प्लीज. शाळेची मुलं येतात. प्रेत म्हणजे जरा निगेटिव्ह होतं."

"मग दुसरा फोटो लाव. लग्नाचे पन्नास आहेत."

"पण ह्यातले चेहरे ऑथेंटिक आहेत! केवढी भावना आहे बघा."

"भावना त्या पेटीतल्या माणसासाठी आहे, गाढवा."

सभेनं घसे खाकरले. छापून झालंय, उद्घाटन रविवारी आहे, पुढच्या वर्षी विचार करू. कमिट्यांची भाषा जगभर एकच. मला वाटलं, बाई काम सोडतील. छे! त्या खाली आल्या, फोन ओढला आणि एकेका म्हातारीला पोलिशमध्ये दोन वाक्यं सांगून ठेवत गेल्या. मी विचारलं, काय सांगितलंत?

"रविवारी तीन वाजता माझ्या बापाचं मयत आहे. काळी बाजू."

काळी बाजू म्हणजे काय, ते रविवारी दिसलं. त्यांच्या चर्चच्या जुन्या मंडळांचा छातीवर लावायचा फितीचा बिल्ला असतो. एका बाजूनं लाल-पांढरा, झालरवाला, मिरवणुकीसाठी. उलटा केला की काळा, रुपेरी अक्षरांचा, मयतासाठी. गरिबांचा हिशेब. दोन बिल्ले कोण करणार?

तीन वाजता दालन पाहुण्यांनी भरलेलं. भिंतीखाली नेमक्या पेटीच्या जागी खाण्याचं लांबडं टेबल, वर पांढराशुभ्र कपडा, केक, मेणबत्त्या. त्या डिझायनरनं नकळत सगळी तयारी करून ठेवली होती. दारातून म्हाताऱ्या आल्या, काठ्या टेकत, सगळ्यांच्या छातीवर काळं. टेबलाभोवती उभ्या राहिल्या, फोटोतल्यासारख्या, नजरा खाली. लुद्विकाबाई मधोमध, एक हात टेबलाच्या काठावर. आशीर्वाद द्यायला बोलावलेले म्हातारे फादर आत आले, त्यांनी काळ्या फिती बघितल्या, आणि सवयीनं मृतांची प्रार्थना सुरू केली. बायकांनी साथ धरली. देणगीदारांना वाटलं कार्यक्रमच आहे. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या! मेयरच्या ऑफिसातून आलेल्या बाई डोळे पुसत होत्या. डॉक्टर झिलिन्स्की केकचा तुकडा हातात घेऊन तसेच. तो खाता येईना, ठेवताही येईना.

शेवटी ते पुढे वाकून कुजबुजले, "मिस लुद्विका, लोकांना खायचंय."

"खा की," लुद्विकाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आमच्यात मयताचं जेवण असतंच. पण प्रेत पोचवल्यावर. आधी माझा बाप आण."

"आत्ता कुठून आणू?"

"जिथे कापलास तिथून."

मग मेयरच्या ऑफिसवाल्या बाईंनी विचारलं, कोणाचे वडील? लुद्विकाबाईंनी भिंतीवरची मुलगी दाखवली, तिचं संपलेलं मनगट दाखवलं, आणि स्वतःचा हात वर केला. पुढे कोणी काही समजावण्याची गरज उरली नाही. झिलिन्स्कींनी सगळ्यांसमोर शब्द दिला. द्यावाच लागला. केक तसाच राहिला. आम्ही म्हाताऱ्यांनीही खाल्ला नाही.

ईस्टरच्या आधी नवा फोटो लागला, पेटीसकट. पेटी जमिनीपासून वीतभर वर येते. टेबल हलवावं लागलं. शाळेची मुलं येतात, त्यांना काही होत नाही. त्या पेटीसमोर उकिडवी बसतात आणि सरळ विचारतात, "हा कोण?" घाबरतात ते कमिटीवाले. झिलिन्स्कींनी पेपरला मुलाखत दिली की पूर्ण फोटो लावायची कल्पना त्यांचीच. मी कात्रण तळघरात नेऊन दाखवलं. मला वाटलं होतं, बाई भडकतील.

"ठेव खोक्यात," त्या म्हणाल्या. "पाठीवर पेन्सिलीनं लिही: खोटं."

मग कोटावर त्या रविवारपासून काळाच राहिलेला बिल्ला काढला, उलटा केला, लाल-पांढरी बाजू वर करून पुन्हा टोचला, आणि वरच्या मजल्यावर कॉफी प्यायला गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.