अर्बाबचं नवं पिस्तूल

मंडळी, मन जड झालंय, म्हणून लिहितोय.

आमचे अर्बाब, म्हणजे इथे आखातात, निझव्यातल्या आमच्या दुकानाचे मालक, एकेकाळचे पक्के नेमबाज. हल्ली हात थरथरतात, म्हणून रायफल सोडून त्यांनी छोटं, हलकं पिस्तूल घेतलं. आज हौसेने मलाही रेंजवर घेऊन गेले.

पण पिस्तूल जितकं हलकं, तितका झटका जास्त. मुठीवर करंगळीला तर जागाच नाही. अर्बाबच्या सगळ्या गोळ्या मातीत गेल्या.

ते हसले. "हाथ नहीं सुनता अब. यल्ला, तू मार."

मी आयुष्यात पहिल्यांदाच पिस्तूल धरलं. रेंजवरच्या माणसाने सांगितलं तसा चाप ओढला. मनगट उडालं, पण गोळी बरोबर मधोमध! मी पोरासारखा ओरडलो.

"माशाल्ला," अर्बाब म्हणाले. मग पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं. "खलास."

अर्बाब आपली गाडी कधी कुणाला चालवू देत नाहीत. आज पार्किंगमध्ये त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. घर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर नेम मुद्दाम चुकवला असतात ना?