निळ्या पोलक्याचा कच्चा टाका

नवापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नजीर टेलरांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक फळी, एक पायमशीन आणि भिंतीला टांगलेला आमच्या शाळेच्या गणवेशाचा कागदी नमुना. गाव त्यांना मास्तर म्हणे. बायको लवकर गेली. सलीमा ही एकुलती मुलगी त्यांनी मशीनशेजारी झोळी बांधून वाढवली. १९५८ साली ती आमच्या मिशनच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती आणि मी तिथे इंग्रजी आणि गाणे शिकवत होते.

त्या वर्षी सिस्टर पिएरिना यांनी दोन छोट्या इटालियन संगीतिका बसवायला घेतल्या. पहिली हसवणारी, एका कंजूष म्हाताऱ्याची. दुसरीत एक मुलगी बंदरावर बापाची वाट पाहते. बाप येत नाही, गलबत निघून जाते. मुलींना वाटले, आता मखमली झगे मिळणार. सिस्टर म्हणाल्या, "झगे नाहीत. गाणे जुने, माणसे आजची." बंदराच्या जागी त्यांनी विसरवाडीचा बसथांबा मांडला: पुठ्ठ्याचा मैलाचा दगड, एक बाकडे आणि पडद्यामागे ट्रकचा भोंगा. बोल मात्र इटालियनच. ते मी देवनागरीत लिहून दिले आणि मुलींनी पाठ केले.

थांब्यावरच्या मुलीचे काम सलीमाला मिळाले. "सोनो क्वी, पाद्रे", म्हणजे मी इथेच आहे, बाबा, हे शेवटचे बोल ती दुकानात बसून इतके घोकी की पाय हलवता हलवता मास्तरही गुणगुणू लागले.

"काय मास्तर, गोरास्नी भाषा शिकी ऱ्हायनात का?" गिऱ्हाइके विचारत.

"शिकी ऱ्हायनू ना. आते तुन्हा लेंगा बी इटलीना शिवसू."

मास्तरांनी तिच्यासाठी निळ्या पॉपलिनचे परकर-पोलके शिवले. पोलके असे बसले की सिस्टरांनी तिला दोनदा फिरवून पाहिले.

डिसेंबरात मास्तरांचा थोरला भाऊ दाऊद सुरतेहून स्थळ घेऊन आला. मुलगी स्टेजवर गाणार हे पाहुण्यांच्या कानी गेले होते, म्हणून लग्न आठवड्यात उरकायचे ठरले. मास्तरांनी भावासमोर मान खाली घातली, पण एक गोष्ट मागून घेतली. प्रयोग दोन होते, जानेवारीत शाळेसाठी आणि फेब्रुवारीत गावासाठी. दुसऱ्याला सलीमाला पाठवायचे. सासूने कबूल केले, पण सून गाईल ती बापाने तिच्यासाठी शिवलेल्या कपड्यांतच. मागून आणलेले कपडे घालून नाटकवाल्यांसारखी नाही.

ही अट मास्तरांनी मला सांगितली होती. माझ्या रोजनिशीच्या वहीत तशी नोंद आहे.

लग्न होऊन सलीमा सुरतेला गेली. जानेवारीच्या प्रयोगासाठी तिच्या जागी तापीकाठच्या गावची अनुसया उभी राहिली. ती अंगाने बारीक, म्हणून सलीमाचे पोलके आवळायचे होते. "टाका पक्का घाला, मास्तर," मी सांगितले. ते "हां बाई" म्हणाले.

११ जानेवारी, रविवार, दुपारी चारचा प्रयोग. शेवटच्या सुराला अनुसयाने हात वर नेले आणि पाठीवरची शिवण उसवत गेली. आत पांढरा दोरा लोंबताना सगळ्यांना दिसला. पोर पाठ भिंतीकडे करून गात राहिली, पण मांडव हसत होता. "मास्तर, तुन्हा टाका सुटी गया रे!" मागून कोणी तरी ओरडले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. तीस वर्षांत ज्याची शिवण सुटली नाही असा हा माणूस.

"हातानं कच्चा घातला होता?"

"हां बाई." ते वर बघेनात. "मशीन मारी ते पॉपलिनवर सुईना छेद ऱ्हाई जातस. मन्ही पोर यी, शिवण सोडसू, तवय दिखतीन."

सुरतेहून महिनाभरात एक ओळ आली नव्हती. सासरची माणसे तिला पाठवतील यावर माझा विश्वास नव्हता. सिस्टर चिडल्या होत्या, गणवेशाचे काम दुसऱ्याला द्यायची भाषा चालली होती. मी म्हणाले, "मशीन मारा मास्तर. आणि आतलं जादा कापड कापून टाका, पाठीवर फुगतं."

"कापू?"

"कापा."

त्यांनी कात्री उचलली, खाली ठेवली, परत उचलली. निळ्या कापडाच्या चार पट्ट्या फळीवर पडल्या. मी ते होईपर्यंत उभी होते.

८ फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने सलीमा आली. बुरख्यात, सासूबरोबर. जानेवारीपासून धास्तावलेली अनुसया तर आनंदाने बाजूला झाली. वर्गाच्या खोलीत आम्ही सलीमाला पोलके घातले. ते खांद्याच्या पुढे जाईना. दाराबाहेर मास्तर सुईदोरा घेऊन उभे होते. मी पोलके त्यांच्या हातात दिले. त्यांनी शिवण उलटून पाहिली, जणू कापड परत आले असेल. सोडायला आत काही नव्हते.

"दुसरं कोणाचं तरी घालू दे," मी सासूला विनवले.

"बात हो चुकी थी, बाई," ती शांतपणे म्हणाली. "चल बहू, बैठ जा."

सलीमा बायकांत बसली. अनुसया गायली, चांगली गायली. शेवटच्या बोलांना सलीमाच्या बुरख्याचा पडदा ओठांजवळ हलत होता. मास्तर मांडवात आलेच नाहीत. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

पुढे सिस्टरांची बदली झाली आणि संगीतिका पुन्हा झाल्या नाहीत. गणवेशाचे काम मास्तरांकडेच राहिले. त्यानंतर मात्र त्यांनी शिवलेल्या प्रत्येक पोलक्याच्या आत चार बोटे कापड दुमडलेले असे. मुली कुरकुरत, काखेत टोचते म्हणून. मास्तर ऐकून घेत; कापत नसत.

१९६६ च्या मार्चमध्ये ते गेले. मशीन विकायला सलीमा दोन मुलांना घेऊन आली. मशीनच्या खणात बॉबिनांखाली निळ्या पट्ट्यांची गुंडाळी निघाली.

"ह्या बघा बाई," ती म्हणाली. "अब्बा सांगायचे, माझ्या हातून चुकून कापलं गेलं. दर ईदला सांगायचे, माफी मागायचे. मी म्हणायची, जाऊ द्या ना अब्बा."

तिची धाकटी मुलगी मशीनचे चाक फिरवत होती. मी विचारले, "हिला गाणं येतं का?" सलीमा म्हणाली, "नाही बाई. घरात कोणी गात नाही."

त्या दिवसाच्या माझ्या नोंदीत मशीन कोणी घेतले ते आहे, गाडीची वेळ आहे. १२ जानेवारी १९५९ च्या पानावर एवढेच आहे: 'पोलक्याची शिवण पक्की करून घेतली.' 'कापा' असे कोण म्हणाले, ते कुठेच नाही. ते आज लिहिले.