एक स्मशान की दोन

आज मोताळ्यात एम.ए.च्या वर्गाला राजकीय तत्त्वज्ञानाची एक पद्धत शिकवत होतो. म्हटलं, आपला जन्म कोणत्या घरात होणार हे माहीत नाही असं धरा आणि गावाचे नियम लिहा.

बाकी सगळ्यांनी गावाला एकच स्मशान लिहिलं. प्रज्ञाने दोन लिहिली.

"काऊन?" मी विचारलं.

"सर, मी पुन्हा आमच्याच घरी जन्मली तं? मागच्या महिन्यात आज्याची मयत गाववाल्यायनं गावच्या स्मशानातून परत पाठवली. आमच्या जातीचं वेगळं होतं म्हणून जाळता आलं."

"पण या नव्या गावात नियम सगळ्यांसाठी एकच असेल ना?"

"तो तं आताही हाय, सर."

सगळ्यात वाईट आपल्याच वाट्याला येईल असं धरून नियम निवडा, हे मीच शिकवलं होतं. तिने तेच केलं.

तिचं उत्तर चूक आहे, हे तुम्ही तिला कोणत्या तोंडाने सांगाल?