शेवटापर्यंत बसणारा माणूस

वडवणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी आहे. शुक्रवारी ती बंद असते, कारण मालक एसटीने बीडला नवा सिनेमा बघायला जातात. शनिवारी दळण घेऊन गेलो की मी विचारतो, कसा होता? पट्ट्याच्या आवाजाची सवय इतकी, की गिरणी बंद असली तरी ते ओरडूनच बोलतात. आधी चिमटीत पीठ चोळतात, मग निकाल देतात.

"लई भरड, सर. प्यायला पाणी मागायचं तरी गाणंच."

किंवा, "राजकन्येच्या हातात मोबाईल दिलाय. मग तिनं राक्षसाला भ्यावं कावून?"

बहुतेक सिनेमे त्यांना भरडच वाटतात, पण अर्ध्यातून उठून ते कधी आले नाहीत. "कुणीतरी राबून केलेलं आसतंय," म्हणतात.

गेल्या वर्षी शाळेच्या मैदानावर मी स्वतः लिहिलेलं नाटक केलं. नेमका शुक्रवार होता. दुसऱ्या अंकात लोक उठू लागले, माझे मेहुणेसुद्धा गेले. पडदा पडला तेव्हा रिकाम्या खुर्च्यांत तिसऱ्या रांगेत गिरणीवाले एकटेच बसलेले, भुवयांवर आदल्या दिवसाचं पीठ तसंच. मी खाली उतरलो, पण मान वर होईना. त्यांनी सवयीने रिकामी चिमूट चोळली.

"लई भरड हुतं, सर," ते मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले. "दुसरं कवा करताव?"

दुसरं आता लिहून होत आलंय. फक्त प्रयोग शुक्रवारी ठेवायचा नाही. त्यांचा सिनेमा बुडतो.